ऑक्टोबरात हापूस गप्प का बसतो?

पुतणीने पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. लालपिवळी पानं गळताहेत, शाल पांघरलेली बाई कॉफी पितेय आणि खाली मजकूर: 'ऑटम आला, दिवस लहान झाले, झाडांसारखं थांबायला शिका.' मी तो बघितला तेव्हा रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत दुपारचे दोन वाजले होते. सदरा पाठीला चिकटलेला आणि खालच्या शेतात भातकापणी जोरात. आमच्याकडे शरदात पानंही गळत नाहीत आणि थांबायला कुणाला सवडही नसते.

लंडनमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १६½ तासांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान ८ तासांच्याही आत. रत्नागिरीत हेच आकडे साधारण १३ आणि ११. फरक जेमतेम दोन तासांचा. तेव्हा 'दिवस लहान म्हणून शरीर मंदावतं' हे तिकडचं गणित इकडे तसंच्या तसं मांडू नये. आपण ऑक्टोबरात मंदावतो ते दमट उकाड्याने. घाम येतो पण वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. अशा दुपारी ओटीवर तासभर आडवं व्हावं. त्याला व्हिडिओ कशाला हवा?

झाडाबद्दलचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं, कारण दारातला हापूस या दिवसांत खरोखरच थांबलेला असतो. नवीन पान नाही, फूल नाही, शेंड्याचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो ती कळी, घट्ट मिटलेला. काही वर्षांपूर्वी मला हे बघवलं नाही. पाऊस संपता संपता मी कलमांना युरिया टाकला, वर पंप लावून पाणी दिलं. बागेचं बघणारे अण्णा म्हणाले, "गप बसलाय तो. उठवू नको त्याला." मी ऐकलं नाही. दिवाळीपर्यंत झाड पालवीने भरून गेलं. तांब्याच्या रंगाची लुसलुशीत पानं, ओल्या फडक्यासारखी खाली लोंबणारी. येणारे-जाणारे कौतुक करत होते. डिसेंबरात शेजारची कलमं मोहोरली, माझी हिरवीगार उभी राहिली. मोहोर आला तो फेब्रुवारी सरताना, तोही तुरळक.

असं का झालं, हे समजायला आंब्याच्या शेंड्यावरचा एकच डोळा डोळ्यांसमोर आणा. त्यातून पालवीही फुटू शकते आणि मोहोरही. काय फुटायचं ते आधीपासून ठरलेलं नसतं. डोळा हलायला, म्हणजे फुटायला लागतो त्या सुमारास त्याच्यापर्यंत कोणते निरोप पोचताहेत, त्यावर ते ठरतं.

एक निरोप पानांकडून येतो. पानांत तयार होणारं काहीतरी शेंड्यापर्यंत जाऊन फुलं आणतं, असं सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकातच सांगितलं आणि त्या न सापडलेल्या पदार्थाला 'फ्लोरिजेन' असं नावही दिलं. तो हाती लागायला २००७ साल उजाडलं. भातावर काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की पानात बनलेलं एक प्रथिनच अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत पोचतं. आपल्या जुन्या गावठी भातजाती दिवस आखूड होताना हा निरोप धाडतात, म्हणजे आपल्याला न जाणवणारा दोन तासांचा फरक भाताला बरोबर कळतो. आंबा दिवस मोजत नाही. तो थंडीची वाट बघतो. रात्रीचा पारा वीस अंशांच्या खाली उतरू लागला की त्याची जून, म्हणजे पक्व झालेली पानं हा निरोप जोरात पाठवतात. कोवळ्या पालवीला ते जमत नाही.

दुसरा निरोप उलटा. त्याचं नाव जिबरेलिन, आणि त्याचाही शोध भातातच लागला. एका बुरशीमुळे भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून आडवी व्हायची. ती बुरशी सोडते त्या द्रव्यानेच हे होतं, असं जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं. हीच द्रव्यं निरोगी झाडं स्वतःही बनवतात. आंब्यात जिबरेलिन जास्त असलं की डोळा पालवीकडे झुकतो. पानं जून होतात तसा त्याचा जोर ओसरतो. पावसाळ्यात बागायतदार कलमांच्या बुंध्याभोवती कल्टार नावाचं औषध घालतात, त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल नेमकं जिबरेलिन तयार होण्याच्या वाटेत आडवं येतं. म्हणजे ते मोहोर 'आणत' नाही, वाढीला लगाम घालतं.

आता ऑक्टोबरकडे या. पाऊस परतलेला, आमच्या जांभ्या दगडाच्या जमिनीतलं पाणी भराभर उतरलेलं. या ताणाने डोळा हलत नाही आणि आहेत ती पानं जून होत राहतात. मात्र तीच पानं स्वच्छ उन्हात दिवसभर राबत असतात आणि त्यांनी केलेला स्टार्च फांद्यांत साठत असतो. झाड झोपलंय असं म्हणणं म्हणूनच चूक. त्याची वाढ थांबलेली असते, काम चालूच असतं. मी पाणी आणि नत्र दिल्यावर डोळे थंडीच्या आधीच हलले. रात्री अजून उबदार, म्हणून सगळी पालवी. साठवलेला स्टार्च तिच्यात गेला आणि थंडी आली तेव्हा शेंड्यावर कोवळी पानंच उरली.

एक वर्ष मोहोराला खंड पडला की आमच्याकडे कुणी झाडाला नजर लागली म्हणतं, कुणी बुंध्यात खिळे ठोकतं. खरं तर भरपूर फळं धरलेल्या फांदीला नवी पालवी उशिरा फुटते आणि ती थंडीपर्यंत जून होत नाही. खिळ्याने फार तर रोगाला दार उघडून मिळतं. 'एका फवारणीत हमखास मोहोर' म्हणत बाटल्या विकणारेही मला याच रांगेतले वाटतात.

गेल्या जानेवारीत अण्णांनी एक डहाळी तोडून आणली. तुऱ्याच्या खालच्या भागात पाच कोवळी पानं, वर बारीक फुलं. डोळा हलला तेव्हा रात्री उबदार होत्या, अर्ध्यावर थंडी पडली आणि वरचा भाग मोहोर झाला. अण्णांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मग ह्याला पालवी म्हणायचं की मोहोर?"