चाळीस पट महाग इंजेक्शन आणि कराचा पैसा

परवा सकाळी पर्वती चढताना आमच्या कंपूत वाद पेटला. डोळ्यांच्या संशोधनावर सरकारनं पैसा का घालावा? "औषध कंपन्या आहेत की!" असं एका काकांचं म्हणणं. गंमत म्हणजे मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) बिघडल्यामुळे याच काकांच्या डोळ्यात गेले वर्षभर इंजेक्शनं चालली आहेत, तीही स्वस्तातली.

आधी डोळ्यात काय होतं ते बघू. रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, हा शरीरातला अत्यंत खादाड भाग, त्याला ऑक्सिजन सतत लागतो. पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन अखंड तयार होत असतं आणि काही मिनिटांत मोडीतही निघतं. कारण एक एन्झाइम ऑक्सिजन वापरूनच त्याच्यावर 'मोडीत काढा' अशी खूण करतं. ऑक्सिजन घटला की खूण करायला ऐवजच उरत नाही! मग एचआयएफ साचतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं जनुक चालू करतं. ऑक्सिजन मोजायला वेगळा मोजमापी लागतच नाही. हे कोडं उलगडणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालं. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या फोडतं, पण त्या जुन्या वाड्यात घाईनं जोडलेल्या नळासारख्या गळक्या. मधुमेहात हे असं घडतं. उतारवयात मॅक्युला बिघडण्याची कारणं वेगळी, तरी गळतीमागे व्हीईजीएफ असतंच. (मधाचे थेंब घालून ती थांबत नाही. व्हॉट्सॲपवर काहीही येवो.)

व्हीईजीएफला पकडणारी दोन औषधं एकाच कंपनीची : अवास्टिन, २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं, आणि ल्युसेंटिस, २००६ साली खास डोळ्यासाठी. अमेरिकेत तेव्हा डोळ्याच्या एका डोसला पहिल्याचे सुमारे ५० डॉलर पडत, दुसऱ्याचे २०००. आपल्याच महाग मालाची आपल्याच स्वस्त मालाशी कुस्ती कुठली कंपनी लावेल? ती लावली अमेरिकेच्या सरकारी नॅशनल आय इन्स्टिट्यूटनं, १२०८ रुग्णांवर. २०११ साली निकाल आला : वर्षभरानंतर दृष्टीतली सुधारणा दोन्हीकडे सारखीच.

आपला अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६चा. त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला, तेव्हा ते रास्तच होतं. पण अशी कुस्ती आपल्या आखाड्यातही लागायला हवी.

काकांचं पुढचं इंजेक्शन आठवड्यावर आलंय. अवास्टिनच्या मोठ्या कुपीतून बारीक डोस काढतात, त्यात जंतू शिरले तर डोळा जाऊ शकतो. तेव्हा डोस कुठे आणि कसे भरतात, एवढं डॉक्टरांना विचारा, असं त्यांना सांगून ठेवलंय.