गाव शहर कधी ठरते? जनगणनेतील व्याख्येची पार्श्वभूमी

2001 ते 2011 या काळात देशातल्या शहरांची संख्या 5,161 वरून 7,935 वर गेली. या वाढीत नव्या नगरपालिकांचा वाटा किरकोळ होता. बाकी सगळी भर 'जनगणना शहरां'ची, म्हणजे नगरपालिका नसूनही जनगणनेने शहर धरलेल्या ठिकाणांची होती, ती 1,362 वरून 3,894 झाली. या ठिकाणी ना मुख्याधिकारी आला ना नगररचना विभाग. सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा होती तशीच राहिली. मोजणीत शहर आणि कारभारात खेडे, अशी ही अवस्था आहे. ती समजून घ्यायची तर 1961 साली ठरलेल्या कसोट्यांकडे जावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1901 पासून नगरपालिका, लष्करी छावणी, सिव्हिल लाइन्स (इंग्रज अधिकाऱ्यांची वसाहत) आणि किमान 5,000 लोकांची सलग वस्ती शहरात धरली जाई. मात्र अशा वस्तीला शहर म्हणायचे की नाही, हे प्रांताचा जनगणना अधिकारी ठरवी. त्यामुळे एका प्रांतातले शहर दुसऱ्या प्रांताच्या मापाने खेडेच ठरले असते. 1951 पर्यंत थोड्याफार फरकाने हेच चालले.

1961 मध्ये या मोकळिकीला चाप बसला. कायद्याने नगरपालिका किंवा छावणी असेल तर शहर, हे कायम राहिले. इतरांसाठी तीन अटी आल्या: लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस मैलाला किमान 1,000 (पुढे चौरस किलोमीटरला 400) आणि किमान 75 टक्के पुरुषांचा रोजगार शेतीबाहेर. आधीच्या यादीतली शेकडो ठिकाणे त्यामुळे गळाली. शहरी लोकसंख्येचा वाटा 1951 मध्ये 17.3 टक्के होता, तो 1961 मध्ये जेमतेम 18 टक्के दिसला. त्या दशकात नागरीकरण मंदावले, असे पाठ करून घेणाऱ्यांनी हा व्याख्याबदल सोबत सांगायला हवा.

खरा वादाचा मुद्दा तिसऱ्या अटीतला 'पुरुष' हा आहे. पुढच्या जनगणनांत ही अट 'मुख्य काम करणारे पुरुष' अशी झाली, म्हणजे वर्षातले किमान सहा महिने कामावर असणारे. बायकांचे काम कसोटीत धरलेच जात नाही. औद्योगिक पट्ट्यालगतच्या कुठल्याही गावात सकाळी बघा. पुरुष कंपनीच्या बसने पहिल्या पाळीला जातात; लावणी, खुरपणी, धारा, वैरण हे बायकांच्या अंगावर असते. निम्म्या कष्टकऱ्यांचे हात मातीत असताना केवळ पुरुषांच्या नोकऱ्या मोजून ते गाव 'बिगरशेती' ठरते. पुरुष रोजगारासाठी बाहेर पडतील आणि शेती बायकांवर येईल, तसतसे हे माप अधिकाधिक चुकत जाणार. साठ वर्षांत देशाची शेती एवढी बदलली, तरी हा शब्द हलला नाही, आणि त्याचे कोणतेही समर्थन मला पटत नाही.

'शेती' कशाला म्हणायचे, यातही घोळ झाला. मासेमारी, पशुपालन, मळे आणि फळबागांतली कामे 1961 आणि 1971 मध्ये शेतीबाहेर धरली, 1981 आणि 1991 मध्ये शेतीत घातली आणि 2001 पासून ती पुन्हा 'इतर कामगारां'त गेली. म्हणजे किनाऱ्यावरची एखादी कोळी वस्ती जाळी तीच, होड्या त्याच असताना केवळ रकाना बदलल्याने शहराकडे किंवा खेड्याकडे झुकू शकते. केरळात जनगणना शहरे दहा वर्षांत 99 वरून 461 झाली, ते वाचताना हे सगळे ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्राचा 45 टक्के शहरी वाटा नेहमी अभिमानाने सांगितला जातो. इथेही जनगणना शहरे त्या दशकात दुपटीहून जास्त झाली. 1993 पासून अमलात आलेल्या 74व्या घटनादुरुस्तीने खेड्यातून शहरात जाणाऱ्या भागासाठी नगरपंचायतीची सोय केली. पण ती कधी करायची, हे राज्यावर सोडले. जनगणनेने शहर म्हटले म्हणून नगरपंचायत द्यायलाच हवी, असे बंधन नाही.

गावांनाही ती नेहमी हवी असते असे नाही. घरपट्टी वाढेल, रोजगार हमीसह ग्रामीण योजना जातील, ही भीती खरी असते. कल्याण-डोंबिवलीलगतची 27 गावे 1983 मध्ये महापालिकेत गेली, 2002 मध्ये बाहेर पडली, 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 मध्ये त्यातली 18 वगळण्याचा निर्णय झाला, तो उच्च न्यायालयात टिकला नाही. पुण्याने 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत घेतली. हिंजवडी मात्र देशभर माहीत असलेले आयटी पार्क अंगावर घेऊन ग्रामपंचायतच राहिली. काचेच्या इमारतींसमोर पावसात रस्ता तुंबला की नाला कोणाचा, रस्ता कोणाचा, यावर यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवतात; सांडपाण्याचे जाळे उभारायला ग्रामपंचायतीकडे ना माणसे ना पैसा.

2021 ची जनगणना लांबली. आता संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, बहुतेक देशासाठी 1 मार्च 2027 आहे. तोवर योजना, अनुदान आणि निधी ठरवताना 2011 चीच विभागणी वापरात आहे, आणि त्या विभागणीत शेतात राबणाऱ्या बाईच्या कामाला वजन नाही.