टीव्ही उलटा झाला म्हणजे पॅनेल गेलं असं नाही

मावशीकडचा ३२ इंची एलईडी टीव्ही गेल्या महिन्यात अचानक उलटा दिसायला लागला, म्हणजे बातम्या देणारी बाई डोकं खाली आणि खालची पट्टी वर. झालं असं की मावसभावाला आवाज अजून वाढवायचा होता म्हणून त्याने रिमोटची बटणं ठरावीक क्रमाने दाबून सर्व्हिस मेनू (मेकॅनिकसाठीचा लपवलेला मेनू) उघडला आणि त्यात पॅनेल टाइपचा, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याच्या प्रकाराचा, नंबर बदलला गेला. दुकानदार म्हणाला पॅनेल गेलं, नवीनच घ्या. मला हे ऐकून फार वाईट वाटलं, कारण आत काहीही जळलेलं नव्हतं, फक्त एक आकडा चुकलेला.

एकच मदरबोर्ड (टीव्हीचा मुख्य सर्किट बोर्ड) वेगवेगळ्या पॅनेलला चालतो, पण समोर कुठलं पॅनेल आहे हे बोर्डाला त्या नंबरवरूनच कळतं. काही पॅनेल कॅबिनेटमध्ये उलटी बसवलेली असतात, तेव्हा बोर्डच चित्र फिरवून पाठवतो. रंगांचं तर अजून भारी आहे. प्रत्येक रंगाची तीव्रता ० ते २५५ मधला आकडा, म्हणजे ८ बिट (० किंवा १ असे आठ अंक), आणि ते बिट केबलच्या तारांच्या जोड्यांमधून कुठल्या क्रमाने जायचे याच्या दोन पद्धती आहेत, जेइडा आणि वेसा. बोर्ड एका पद्धतीने पाठवतोय आणि पॅनेल दुसऱ्या पद्धतीने वाचतंय असं झालं की मोठ्या किमतीचे बिट छोट्यांच्या जागी जातात आणि चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसतात. लोक घाबरतात ते इथेच.

प्लग काढून ठेवला तरी हे जात नाही. हे आकडे मेमरी आयसीत, म्हणजे आकडे साठवणाऱ्या चिपमध्ये असतात, तिथे इलेक्ट्रॉन चारी बाजूंनी इन्सुलेशन असलेल्या कप्प्यात अडकून बसतात आणि लाइट नसतानाही वर्षानुवर्षं तसेच राहतात. नेहमीच्या मेनूतलं फॅक्टरी रिसेट पण बऱ्याचदा या भागाला हात लावत नाही. जुन्या डब्बा टीव्हीत तर चित्राची उंची, रुंदी, रंगांचा तोल हे सगळं कारखान्यात त्या एकेका ट्यूबप्रमाणे सेट केलेलं असायचं, त्यामुळे दुसऱ्या सेटचे आकडे टाकले तरी तंतोतंत जुळत नाहीत.

आम्ही काय केलं, तोच मेनू परत उघडला, मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढायचा, फोटो फिरवून वाचायचा आणि मग एकच बटण दाबायचं. आधीचा नंबर कोणी लिहून ठेवला नव्हता म्हणून एकेक नंबर बदलून टीव्ही बंद-चालू करत बसलो, तासभर गेला, पण चित्र सरळ झालं! चित्रच येत नसेल आणि नुसता आवाज येत असेल तर तसाच दुसरा टीव्ही समोर ठेवून बटणं किती वेळा दाबायची ते मोजता येतं. तेही जमलं नाही तर मेकॅनिक मेमरी आयसी प्रोग्रामर नावाच्या यंत्राला लावून त्याच बोर्डाची आणि त्याच पॅनेलची फाइल परत भरतो, पॅनेलचा नंबर पॅनेलच्याच मागच्या स्टिकरवर असतो. मागचं कव्हर मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.

मावशीच्या टीव्हीचे सगळे आकडे आता मी फोटो काढून ठेवलेत, पॅनेल टाइप, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), सगळे.