केव्हिन ओली: दहा दिवसांच्या करारापासून लवादाच्या निकालापर्यंत

अमेरिकी बास्केटबॉलपटू केव्हिन ओली एनबीए या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये किती संघांकडून खेळले याचे उत्तर काही ठिकाणी अकरा असे सापडते, तर काही ठिकाणी बारा. दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते ज्या सिॲटल सुपरसॉनिक्सकडून खेळले तो संघ 2008 साली ओक्लाहोमा सिटीला हलवण्यात आला, त्याचे नाव थंडर झाले आणि ओली यांनी आपला शेवटचा हंगाम याच थंडरकडून खेळला. तेरा हंगामांत इतकी ठिकाणे बदलणाऱ्या आणि सामन्यामागे सरासरी चार गुणही न मिळवणाऱ्या या पॉइंट गार्डने (चेंडू पुढे नेऊन संघाचा खेळ चालवणाऱ्या खेळाडूने) निवृत्तीनंतर चारच वर्षांनी, मुख्य प्रशिक्षक म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढे चार वर्षांनी त्याच विद्यापीठाने त्यांना काढून टाकले आणि प्रकरण लवादाकडे गेले. या साऱ्या प्रवासाचा अर्थ लावायचा असेल तर धावफलकापेक्षा त्यांचे करार पाहणे अधिक उपयोगी ठरते.

ओली यांचा जन्म 1972 सालचा, डॅलसमधला. ते वाढले मात्र लॉस एंजेलिसमध्ये. तेथील क्रेनशॉ हायस्कूलमधून ते कनेक्टिकट विद्यापीठात, म्हणजे यूकॉनमध्ये, गेले आणि 1991 ते 1995 अशी चार वर्षे प्रशिक्षक जिम कॅलहून यांच्या हाताखाली खेळले. 1995 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, त्यांना कोणत्याही संघाने निवडले नाही. त्यानंतर सीबीए या दुय्यम लीगमधील कनेक्टिकट प्राइड संघाकडून खेळत ते संधीची वाट पाहत राहिले. 1997 च्या हंगामात डॅलस मॅव्हरिक्सने त्यांना एनबीएत प्रथम उतरवले, पण तो हंगाम संपण्याआधीच ते ऑर्लँडोच्या संघात होते.

या काळातील त्यांची उपजीविका बऱ्याच अंशी दहा दिवसांच्या करारावर चालली. एनबीएच्या नियमानुसार हंगामाच्या उत्तरार्धात संघ एखाद्या खेळाडूला दहा दिवसांपुरते घेऊ शकतो. असा करार एका संघाला एका हंगामात त्याच खेळाडूशी दोनदा करता येतो आणि त्यानंतर त्याला उरलेल्या हंगामासाठी ठेवायचे की सोडून द्यायचे हे ठरवावे लागते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला ही अवस्था वेगळी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. अशा खेळाडूला नव्या संघाचे डावपेच दोन दिवसांत पाठ करावे लागतात, सरावात मुख्य गार्डची दमछाक करावी लागते आणि सामन्यात मिळालेल्या चार मिनिटांत चेंडू गमवायचा नाही एवढे पथ्य पाळावे लागते. ओली यांच्याकडे लांबून तीन गुणांची फेक करण्याची ताकद नव्हती. त्यांची जागा टिकली ती बचावामुळे, चेंडू सुरक्षित पुढे नेण्यामुळे आणि प्रशिक्षकाने सांगितलेले जसेच्या तसे करण्यामुळे. 2001 साली फिलाडेल्फियाचा संघ अंतिम फेरीत लेकर्सकडून हरला, त्या संघात ते राखीव गार्ड होते.

लीगमधील त्यांचे स्थान नेमके दिसते ते दोन फेब्रुवारी महिन्यांत. फेब्रुवारी 2002 मध्ये शिकागो आणि इंडियाना यांच्यात मोठी अदलाबदल झाली. तिच्या बातम्या जेलेन रोझ, रॉन आर्टेस्ट आणि ब्रॅड मिलर यांच्या नावाने छापून आल्या आणि ओली यादीच्या शेवटी होते. बरोबर वर्षाने मिल्वॉकीने रे ॲलन यांना सिॲटलला देऊन गॅरी पेटन यांना घेतले, तेव्हाही ॲलन यांच्याबरोबर ओली गेले. दोघे यूकॉनमध्ये एकत्र खेळलेले होते, हा निव्वळ योगायोग. 2003 च्या उन्हाळ्यात क्लीव्हलँडने त्यांना पाच वर्षांचा करार दिला आणि लेब्रॉन जेम्स यांच्या पहिल्या हंगामात ते त्यांचे सहकारी झाले. तो करारही एका शहरात पुरा झाला नाही, कारण वर्षभरातच क्लीव्हलँडने त्यांना पुन्हा फिलाडेल्फियाला धाडले.

2009-10 मध्ये ओक्लाहोमा सिटीत आले तेव्हा ते 37 वर्षांचे होत होते, तर संघातील केव्हिन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रुक विशीच्या उंबरठ्यावर होते. आदल्या हंगामात अवघे 23 सामने जिंकलेल्या या संघाने त्या वर्षी 50 जिंकले. ओली यांच्या वाट्याला प्रत्यक्ष खेळ फारसा आला नाही, तरी संघाची शिस्त आणि कामाची पद्धत त्यांच्यामुळे बदलली असे ड्युरंट यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. एका हंगामात एवढा पालट एका राखीव खेळाडूमुळे होत नाही, हे खरे; पण ओली यांच्याकडे भावी प्रशिक्षक म्हणून पाहिले जाऊ लागले ते या वर्षापासून.

2010 मध्ये ते साहाय्यक प्रशिक्षक म्हणून यूकॉनला परतले आणि पहिल्याच हंगामात कॅलहून यांच्या संघाने तिसरे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. सप्टेंबर 2012 मध्ये कॅलहून निवृत्त झाले, तेव्हा मुख्य प्रशिक्षकपद ओली यांच्याकडे आले. विद्यापीठाने त्यांना दिलेला करार होता जेमतेम सात महिन्यांचा. शिवाय आधीच्या वर्षांतील खेळाडूंची शैक्षणिक प्रगती निकषांपेक्षा कमी भरल्याने एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने त्या हंगामापुरती संघावर राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची बंदी घातली होती. काही खेळाडू आधीच दुसऱ्या विद्यापीठांत किंवा एनबीएत निघून गेले होते. जे राहिले त्यांच्यात शबाझ नेपियर होते. जर्मनीतील रामस्टाइन हवाई तळावर झालेल्या पहिल्या सामन्यात या संघाने मिशिगन स्टेटला 66-62 असे हरवले आणि पुढे काहीच जिंकता येणार नसलेल्या त्या हंगामात 20 सामने जिंकले. डिसेंबर संपण्याआधीच ओली यांना पाच वर्षांचा करार मिळाला होता.

मार्च 2014 च्या सुरुवातीला लुईव्हिलने यूकॉनचा 81-48 असा धुव्वा उडवला, तेव्हा हा संघ महिन्याभरात विजेता होईल असे कोणी म्हटले नसते. राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात सातवे मानांकन मिळालेला हा संघ पहिल्याच फेरीत सेंट जोसेफ्सविरुद्ध जादा वेळेत कसाबसा वाचला. मग व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट आणि फ्लोरिडा असे एकामागून एक बलाढ्य संघ त्यांनी हरवले. टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या स्टेडियमवर 7 एप्रिलला 79 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. त्यात यूकॉनने केंटकीला 60-54 असे नमवले, त्यात नेपियर यांचे 22 गुण होते. सातव्या मानांकनाच्या संघाने हे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्या रात्री यूकॉनने दहापैकी दहा फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या विनाअडथळा फेकी) साधले, तर केंटकीचे चोवीसपैकी अकरा चुकले. सहा गुणांनी निकाल लागलेल्या सामन्यात हा फरक निर्णायक होता आणि त्यावर प्रशिक्षकाची छाप स्पष्ट दिसते. एका चुकीने दहा दिवसांची नोकरी जाऊ शकते हे माहीत असलेला माणूस फुकट मिळणारा गुण सोडत नाही.

नंतरची उतरण वेगवान होती. 2016-17 मध्ये 16 विजय आणि 17 पराभव, पुढच्या वर्षी 14 आणि 18. नवे खेळाडू हेरून त्यांना विद्यापीठाकडे वळवणे हा महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाचा मोठा भाग असतो आणि दहा दिवसांच्या करारांवर घडलेल्या शिस्तीचा तिथे फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. मार्च 2018 मध्ये विद्यापीठाने एनसीएएच्या नियमभंगाचे कारण देऊन त्यांना बडतर्फ केले. कराराचे एक कोटी डॉलरहून अधिक देणे तेव्हा शिल्लक होते आणि नियमभंगाच्या कारणाने काढल्यास ते द्यावे लागणार नव्हते. 2019 मध्ये एनसीएएनेही त्यांच्यावर तीन वर्षांचे निर्बंध घातले, त्यामुळे महाविद्यालयीन क्षेत्रात त्यांना काम मिळणे जवळपास अशक्य झाले.

ओली यांच्या बाजूने एक गोष्ट होती. ते प्राध्यापकांच्या संघटनेचे सदस्य होते आणि संघटनेच्या विद्यापीठाशी झालेल्या सामूहिक करारानुसार असे काढण्यासाठी गंभीर गैरवर्तन सिद्ध करावे लागत होते. जानेवारी 2022 मध्ये लवादाने ओली यांच्या बाजूने निकाल दिला आणि विद्यापीठाला 1 कोटी 11 लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी 39 लाख डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान 2021 पासून ते अटलांटातील ओव्हरटाइम एलिट या किशोरवयीन खेळाडूंना वेतन देणाऱ्या लीगमध्ये प्रशिक्षण देत होते. 2023 मध्ये ब्रुकलिन नेट्सने त्यांना साहाय्यक म्हणून घेतले. हाच संघ न्यू जर्सीत असताना ओली त्याच्याकडून थोडे सामने खेळले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये मुख्य प्रशिक्षक जॅक व्हॉन यांना हटवल्यावर ओली अंतरिम मुख्य प्रशिक्षक झाले. उरलेल्या 28 सामन्यांपैकी नेट्सने 11 जिंकले, आणि हंगाम संपल्यावर संघाने कायम पदासाठी जोर्डी फर्नांडेझ यांना नेमले.