आयरिश वंशावळीचा शोध

आयर्लंडमधून बाहेर पडलेल्या कुटुंबाचे मूळ गाव, तिथले पूर्वज आणि मागे राहिलेली भावकी जुन्या कागदपत्रांवरून शोधून काढण्याचा हा अभ्यास आहे. तो करणारे बहुतेक जण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंडमधले असतात. आपण कुठून आलो ही ओढ त्यामागे असतेच, पण कायदेशीर कारणही असते. आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म आयर्लंड बेटावर झाला असेल तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव दाखल करून आयरिश नागरिकत्व मिळते, आणि त्यासाठी त्या जन्माचा कागद दाखवावा लागतो. या शोधाची वाट मात्र उलटी आहे. मायभूमीतले दफ्तर मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्याने राहिलेल्यांचा माग अनेकदा निघून गेलेल्यांच्या कागदांतून काढावा लागतो.

जळालेले दफ्तर : डब्लिनमध्ये लिफी नदीकाठी फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्याच आवारात सार्वजनिक अभिलेखागार होते. आयरिश यादवी युद्धाच्या तोंडावर, एप्रिल १९२२ मध्ये, ब्रिटनशी झालेल्या तहाला विरोध करणाऱ्या सैनिकांनी हा परिसर ताब्यात घेतला. २८ जूनला सरकारी तोफा त्यावर सुरू झाल्या आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दफ्तरखाना पेटला. अर्धवट जळालेले कागद वाऱ्याबरोबर शहरभर उडाले. शतकानुशतकांची मृत्युपत्रे, न्यायालयीन कागद, चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) नोंदवह्या आणि १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे तक्ते त्यात गेले.

सगळाच दोष या आगीला देणे मात्र बरोबर नाही. १८६१ आणि १८७१ चे तक्ते आकडेमोड आटोपल्यावर सरकारी आदेशानेच नष्ट केले होते, तर १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली एकही आयरिश जनगणना पूर्ण स्वरूपात उरलेली नाही. ज्या शतकात १८४५ ते १८५२ चा भीषण दुष्काळ पडला, सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली, नेमक्या त्याच शतकाची घरोघरची मोजणी हरवावी, ही या विषयातली सर्वांत मोठी जखम आहे.

टाउनलँड : शोधाची किल्ली म्हणजे टाउनलँडचे नाव. टाउनलँड हा आयर्लंडमधला जमिनीचा सर्वांत लहान विभाग. आकाराने तो साधारण आपल्याकडच्या वाडीएवढा, कुठे चार घरांचा तर कुठे चाळीस. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. त्यांच्यावर पॅरिश, त्यावर परगण्यासारखी बॅरनी आणि मग बत्तीस काउंटी, म्हणजे जिल्हे. नुसते ‘काउंटी कॉर्क’ एवढे ठाऊक असून काही साधत नाही, कारण त्या काउंटीत एकाच नावाची माणसे शेकड्यांनी सापडतात. टाउनलँड कळला की त्या चार-दहा घरांत आपले घर ओळखता येते. यात चकवाही आहे. एकच नाव अनेक टाउनलँडना असते. शिवाय आयरिश भाषेतली ही नावे इंग्रज कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली, आणि परदेशातल्या कारकुनांनी ती आणखी वाकवली.

उरलेले कागद : ३१ मार्च १९०१ आणि २ एप्रिल १९११ या रात्रींच्या जनगणना पूर्ण शाबूत आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या सर्वांना मोफत खुल्या केल्या आहेत. त्यातले घरचे तक्ते कुटुंबप्रमुखाने भरायचे होते. कुटुंबप्रमुखाचे अक्षर, किंवा सही येत नसेल तर त्याने काढलेली फुली, आजही पाहता येते. १९११ च्या तक्त्यात विवाहितेला किती मुले झाली आणि त्यांतली किती हयात आहेत, असा प्रश्न होता. ‘अकरा’ आणि शेजारच्या रकान्यात ‘सहा’ असे वाचताना हात थांबतो. जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सर्वांसाठी सरकारी नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १८४५ पासूनच नोंदले जात होते.

त्याआधीच्या काळासाठी जनगणनेची जागा जमिनीच्या कागदांना घ्यावी लागते. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली देशभरातल्या जमिनी व घरांचे करासाठी मूल्यांकन झाले. कूळ कोण, जमीनदार कोण, जमीन किती, घराचे मूल्य किती, हे सगळे नकाशावरच्या क्रमांकांसह त्यात आहे. पुढची अनेक दशके त्याच नोंदींत दुरुस्त्या होत राहिल्या. जुन्या कुळाचे नाव खोडून नवे लिहायचे, कडेला साल टाकायचे आणि दर फेरीला शाईचा रंग बदलायचा. खोडलेल्या नावाजवळचे साल बहुधा एखाद्या मृत्यूच्या किंवा देशांतराच्या आसपासचे असते. ग्रिफिथच्या आधीचे, १८२३ ते १८३७ या काळातले धार्मिक कराचे तक्तेही उपयोगी पडतात. पण दोन्हींत नाव येते ते जमीन कसणाऱ्याचे. बायका, मुले आणि भूमिहीन मजूर तिथे दिसत नाहीत.

ही माणसे भेटतात ती चर्चच्या वह्यांत. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या फोर कोर्ट्समध्ये नव्हत्या, त्यामुळे त्या वाचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे २०१५ मध्ये मोफत उपलब्ध केली. वह्या पुष्कळदा लॅटिनमध्ये आहेत. तिथे जेम्सचा ‘जाकोबुस’ आणि विल्यमचा ‘गुलिएल्मुस’ होतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या धर्ममाता-धर्मपित्यांची नावे जाणकार आधी टिपतात, कारण ती बहुधा मामा, आत्या, चुलत्यांची असतात, आणि हीच माणसे पुढे बॉस्टन किंवा सिडनीत त्याच कुटुंबाच्या शेजारी राहताना दिसतात.

या सगळ्यात एक हिरवी चिठ्ठी मला सर्वांत मोलाची वाटते. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना वृद्धापकाळ पेन्शन मिळू लागली. पण १८६४ पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला कुठून असणार? मग अर्जदार आपल्या आईवडिलांची नावे आणि लहानपणीचा टाउनलँड लिहून देई आणि कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधून सापडलेली माहिती या हिरव्या अर्जावर उतरवी. तक्ते पुढे जळाले, हे अर्ज राहिले. कुठल्याशा म्हाताऱ्याने आठवड्याच्या चार पैशांसाठी केलेल्या अर्जामुळे दुष्काळापूर्वीचे आणि दुष्काळानंतरचे एकेक घर वाचले आहे. याच पेन्शनमुळे १९०१ ते १९११ या दहा वर्षांत पुष्कळांचे वय दहाहून अधिक वाढलेले दिसते, म्हणून वयावर एकट्यावर भरवसा ठेवू नये.

निघून गेलेल्यांचे कागद : अमेरिकेला निघणाऱ्यासाठी आदल्या रात्री घरात जागरण होई. त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ हा शब्द एरवी प्रेताजवळच्या जागरणाचा. जाणारा पुन्हा दिसणार नाही, हे घरच्यांनी धरलेलेच असे. तरी पत्रे येत, पत्रांतून पैसे आणि धाकट्या भावंडांसाठी तिकिटे येत. एकामागून एक असे जाणे झाल्यामुळे एका पॅरिशची माणसे परदेशातही एकाच गल्लीत आढळतात. केरीमधल्या लॅन्सडाउन जमीनदारीने १८५१ च्या सुमारास आपल्या कंगाल कुळांना तिकिटे काढून न्यूयॉर्कला पाठवले. त्यांतले अनेक जण फाइव्ह पॉइंट्स या गरीब वस्तीत एकत्र राहिले. ते कळते १८५० मध्ये स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्यांवरून. निरक्षर खातेदाराची ओळख पटावी म्हणून बँक त्याचे जन्मगाव, आईवडील, भावंडे आणि कोणत्या जहाजाने आला हे लिहून ठेवी.

बॉस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश कॅथलिक वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ पर्यंत हरवलेल्या माणसांच्या जाहिराती येत. भाऊ भावाला, बायको नवऱ्याला शोधत असे, आणि ओळख पटावी म्हणून काउंटी, पॅरिश, कधी टाउनलँडही छापला जाई. प्रवाशांच्या जुन्या याद्यांत मात्र बहुधा नुसते ‘आयर्लंड’ असते. १८९० च्या दशकापासून ‘कोणाकडे निघालात’ हा आणि १९०७ पासून ‘मायदेशी जवळचा नातेवाईक कोण’ हा प्रश्न आल्याने त्या बोलक्या होतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या मृत्यूच्या दाखल्यांत आईवडिलांची नावेही मिळतात. अमेरिकेतल्या कित्येक आयरिश थडग्यांवर तर पॅरिशचे नाव दगडात कोरलेले असते. घरच्यांना ठाऊक नसलेले गाव कित्येकदा दफनभूमीत सापडते.

नावे : आडनावाचे स्पेलिंग पवित्र मानणारा इथे फसतो. आडनावाच्या आधीचे ‘ओ’ आणि ‘मॅक’ अनेकांनी गाळले, काहींच्या नातवंडांनी पुन्हा लावले. लोहाराचा मुलगा या अर्थाच्या ‘मॅक गव्हन’चे कुठे ‘मॅकगोवन’ झाले, कुठे सरळ ‘स्मिथ’. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर स्थलांतरितांची तपासणी होई; तिथल्या अधिकाऱ्यांनी नावे बदलली ही घरोघर सांगितली जाणारी कथा खरी नाही, कारण याद्या निघण्याच्या बंदरातच तयार होत. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवायची रीत होती. तिचा आधार मिळतो, पण त्यामुळे एकाच वाडीत एकाच नावाचे तीन चुलतभाऊही होतात.

घरगुती कथेवर विसंबल्याने काय होते, याचा धडा ॲनी मूर हिच्या बाबतीत मिळाला. कॉर्कची ही मुलगी दोन धाकट्या भावांसह क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, ‘नेव्हाडा’ जहाजाने निघाली आणि १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावर उतरलेली पहिली प्रवासी ठरली. ती पुढे टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली, असे अनेक दशके मानले जाई. त्या बाईच्या वंशजांना समारंभांना बोलावले जाई. संशोधक मेगन स्मोलेनयाक यांनी कागद तपासले तेव्हा टेक्सासची ॲनी इलिनॉयमध्ये जन्मलेली निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्येच राहिली होती. तिथेच तिने संसार केला, काही मुले लहानपणीच गमावली, आणि १९२४ मध्ये तिचा मृत्यू झाला. हे २००६ मध्ये उघड झाले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या तिच्या थडग्यावर नावाचा दगड त्यानंतर बसला.

दुसरे उदाहरण रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनचे. १८४७ मध्ये जमीनदार डेनिस मेहन यांनी १,४९० कुळांना कॅनडाला रवाना केले. ही माणसे कालव्याच्या काठाने चालत डब्लिनला, तिथून लिव्हरपूलला आणि पुढे क्विबेककडे गेली. वाटेत जहाजांवर आणि ग्रोस ईल या विलगीकरण बेटावर तापाने कित्येक मेले. डॅनियल टाय हा मुलगा आणि त्याची बहीण कॅथरीन वाचली. त्यांना एका फ्रेंच कॅनेडियन कुटुंबाने सांभाळले. अशा अनाथांची मूळ आडनावे दत्तक घरांत टिकली, म्हणून वंशजांना मागे जाता आले. आयर्लंडमध्ये आडनाव ‘टी-आय-जी-एच-ई’ असे लिहीत, क्विबेकमध्ये ‘टी-वाय-ई’. उच्चार तोच राहिला.

मुंबई इलाख्याचा दुवा : ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. कंपनीची बॉम्बे युरोपियन रेजिमेंट तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांमधल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. त्यामुळे एखाद्या आयरिश कुटुंबाच्या शाखेचा माग पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणीतून जाऊ शकतो. ब्रिटिश सैन्यातून पेन्शनवर सुटलेल्या शिपायाच्या कागदावर जन्माचा पॅरिश आणि जवळचे गाव लिहिलेले असे. दुष्काळापूर्वी घर सोडलेल्या गरीब माणसाचे जन्मगाव सांगणारे कागद फार थोडे, आणि हा त्यांतला एक.

आजचे काम : २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होताना, ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दफ्तरखान्याची आभासी प्रतिकृती खुली झाली. इतर अभिलेखागारांत असलेल्या प्रती आणि उतारे गोळा करून ती भरली जाते. दफ्तरखान्यात काय-काय होते याची यादी १९१९ मध्येच छापलेली असल्याने नेमके काय शोधायचे हे कळते. डीएनए चाचण्यांनी दूरचे नातलग सापडतात, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी झाल्याने नाते असते त्याहून जवळचे दिसते. ते किती जवळचे, हे ठरवायला शेवटी बाप्तिस्म्याची वही उघडावी लागते.