पंखा फिरतो, पण पकडतो का?

नवतपा सुरू होता. नागपुरात पारा ४५ च्या वर. बुटीबोरीहून वर्धा रोडने येताना आमच्या जुन्या डिझेल गाडीचा इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध निवांत होता. शहरात सिग्नलला थांबलो आणि तो लालकडे चढू लागला; एसीची हवाही कोमट झाली. गाडी हलली की काटा पुन्हा खाली. रोग खरं तर इथेच कळायला हवा होता: धावत्या गाडीत रेडिएटरमधून वारा आपोआप जातो, उभ्या गाडीत तो पंख्यालाच ओढावा लागतो.

छोट्या मोटारींत हा पंखा विजेवर चालतो. जीपगाड्या, ट्रक यांच्यात तो बहुधा इंजिनच फिरवतं, पण मधे एक डबी असते: फॅन क्लच. डबीतली चकती इंजिनबरोबर फिरते, पंखा बसतो बाहेरच्या कवचावर. दोन्हींवरच्या गोल खाचा एकमेकींत शिरलेल्या असतात, पण कुठेही टेकत नाहीत. फटीत मधासारखं दाट सिलिकॉन तेल असतं. चकती तेलाला ओढते, तेल कवचाला. तापल्यावर साधी तेलं पातळ होतात, तितकं हे होत नाही, म्हणून ते निवडलेलं.

डबीच्या तोंडावर दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की दोन्ही धातू कमीजास्त पसरतात, पट्टी वळते आणि झडप उघडून तेल फटीत सोडते. गार असताना तेल मागे साठतं, पंखा रमतगमत फिरतो. एवढा खटाटोप कशाला? पंख्याचा वेग दुप्पट केला तर ताकद सुमारे आठपट लागते, आणि ती डिझेलमधूनच येते.

मिस्त्रीने बंद, गार इंजिनावर पंख्याला हाताने झटका दिला. पंखा चार-पाच फेऱ्या भिरभिरला. "हलका फिरून रायला भाऊ, तेल गेलं याचं." चांगला पंखा हाताला चिकट अडतो, फार तर एखादी फेरी घेतो. अजिबात हलत नसेल तर क्लच जाम. अशी गाडी सतत घोंघावते आणि डिझेल पिते. डबीच्या तोंडावर तेलात माखलेली धूळ दिसली, पातं पुढेमागे हलवल्यावर बेअरिंग खुळखुळलं, तरी निकाल तोच: क्लच गेला. (चावी काढूनच हात घाला, काही गाड्यांत जोडीला विजेचा पंखाही असतो.)

पण ही अर्धीच परीक्षा, कारण पट्टी काम करते का हे गार इंजिन सांगत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला पंखा मिनिटभर घोंघावून शांत झाला तर ठीक. रात्रीतून फटीत उतरलेलं तेल मागे जायला तेवढा वेळ लागतो. मग रेडिएटरसमोर पुठ्ठा धरून, काट्यावर नजर ठेवून इंजिन तापवायचं. लालच्या आधीच घर्रर्र वाढली पाहिजे. नाही वाढली तर लगेच पुठ्ठा काढा. तापलेलं इंजिन बंद करताच पंखाही जवळपास लगेच थांबला पाहिजे. फिरत्या पात्यांत वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघणारे बहाद्दर आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

नवा क्लच आणला, तर मिस्त्रीने तो बाकावर आडवा टाकू दिला नाही, भिंतीला टेकवून उभाच ठेवला. आडवा राहिला तर तेल बेअरिंगच्या बाजूला उतरतं म्हणे. दुसऱ्या दुपारी त्याच सिग्नलला बोनेटखालून घर्रर्र ऐकू आली, आणि काटा मधोमध.