मळणीतल्या 'सर्दी'ची पार्श्वभूमी

गहू-हरभऱ्याची मळणी सुरू झाली की खानदेशातल्या दवाखान्यांत सकाळपासून शिंका ऐकू येतात. डोळे लाल, नाकाला खाज, पाण्यासारखी धार. अंगात ताप नाही. ही सर्दी नव्हे, अ‍ॅलर्जी असते. तरी 'सर्दीचं इंजेक्शन द्या' म्हणतच रुग्ण बसतो आणि पुष्कळदा गरज नसलेलं अँटिबायोटिक घेऊन उठतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा गोंधळ दोनशे वर्षांपूर्वीच सुटायला लागला होता.

१८१९ मध्ये लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरांनी दर उन्हाळ्यात स्वतःला होणारा त्रास लिहून काढला. लोकांनी त्याचं खापर वाळत्या गवतावर फोडलं आणि 'हे फीवर' म्हणजे गवताचा ताप हे नाव चिकटलं. खरा गुन्हेगार परागकण, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये मांडलं. तेही याच आजाराचे रुग्ण. पराग स्वतःच्या नाकात घालून बघायचे, वरच्या हवेतले कण पकडायला पतंग उडवायचे. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द आला १९०६ मध्ये.

आपल्याकडे त्यात गाजरगवताची भर पडली. १९५० च्या दशकात पुण्यात नजरेस आलेलं हे तण आज तापी-गिरणेच्या काठी बांधाबांधावर आहे आणि पावसानंतर फुलतं. म्हणून मळणी सरली तरी काहींच्या शिंका सरत नाहीत. घरातल्या गोधड्या-गाद्यांमधल्या सूक्ष्म किड्यांमुळे तर बारा महिने त्रास होतो.

औषधांत आधी आल्या अ‍ॅलर्जीच्या, पण झोप आणणाऱ्या गोळ्या. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला त्या देऊच नयेत. नंतर आलेल्या सेटिरिझिन या गोळीनेही काहींना गुंगी येते. १९७० च्या दशकात नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे आले. चोंदलेल्या नाकावर गोळीपेक्षा ते जास्त चालतात, पण रोज मारावे लागतात आणि पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. लोक तिसऱ्या दिवशीच बाटली कोनाड्यात ठेवून देतात. मारायची पद्धतही कुणी दाखवत नाही: मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीला डावा हात, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, आणि श्वास हळू.

२००१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने नाक आणि दमा एकत्र बघायला सांगितलं. तेव्हापासून शिंकांच्या रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: रात्री छातीत शिट्टी वाजते का?